सुरतेच्या पुडीत ‘हिरा’ शब्दाची किंमत शून्य

सुरतेच्या उधन्याहून एका तरुण वाचकानं विचारलं आहे: हिऱ्यांच्या पुड्यांची नोंद ठेवणारं ॲप रूबी ऑन रेल्समध्ये केलं. रंग-वजनाचे फिल्टर चोख चालतात, पण शोधाच्या चौकटीत ‘मार्क्विज हिरा’ टाकलं की भलत्याच पुड्या वर येतात. असं का?

फिल्टर म्हणजे हिरेबाजारातली चाळणी. हिरा भोकातून खाली पडतो नाहीतर वर राहतो, तिसरं काही होत नाही. रेल्समधलं ‘व्हेअर’ तेच करतं: रंग ई, वजन 0.30 ते 0.39 कॅरेट. अशी पाच ‘व्हेअर’ एकापुढे एक लावली तरी रेल्स ती गुंफून डेटाबेसला एकच प्रश्न विचारतं. एकावर एक रचलेल्या चाळण्यांतून माल एकदाच ओतावा तसं.

शोधाचा प्रश्न मात्र ‘बसतं की नाही’ असा नसतो, ‘किती जुळतं’ असा असतो. त्याचं सुंदर उत्तर केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी 1972 मध्ये दिलं: जो शब्द जितक्या जास्त नोंदींत, तितकं त्याचं वजन कमी. समजा 10,000 पुड्या आहेत. ‘हिरा’ सगळ्यांत आहे. 10,000 भागिले 10,000 म्हणजे 1, आणि 1 चा लॉगॅरिदम शून्य. ‘मार्क्विज’, म्हणजे हिऱ्याचा एक घाट, फक्त 10 पुड्यांत. भागाकार 1,000, लॉगॅरिदम 3. सुरतेच्या यादीत ‘हिरा’ काहीच सांगत नाही, सगळं ‘मार्क्विज’ सांगतो. गणित शाळेतलं, पण आजही शोधयंत्रांच्या पोटात तेच आहे. सर्च इंजिनांच्या कंपन्यांची नावं पोरासोरांना पाठ असतात, या बाईंचं नाव संगणकाच्या पदवीधरांनाही ठाऊक नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. आयुष्याचा मोठा काळ त्यांनी तात्पुरत्या नेमणुकांवर काढला. प्राध्यापकपद मिळालं ते 1999 मध्ये, वयाच्या चौसष्टीच्या आसपास.

आता वाचकाची अडचण. रेल्सच्या जोडीला बहुतेकदा पोस्टग्रेस हा डेटाबेस असतो. त्याचं अंगभूत गुणांकन त्या एका नोंदीपुरतं पाहतं. बाकीच्या नोंदींत तो शब्द किती पसरलाय, हे विचारातच घेत नाही. त्यामुळे ‘दोन्हींपैकी कुठलाही शब्द चालेल’ असा शोध असेल, तर वर्णनात चारदा ‘हिरा’ लिहिलेली पुडी वर चढू शकते. इलॅस्टिकसर्च या वेगळ्या शोधयंत्रात स्पार्क जोन्स यांचं वजन आधीपासून आहे. छोट्या यादीला मात्र एवढा पसारा नको. ‘हिरा’सारखे शब्द शोधातून वगळले तरी भागतं.

वर्णनं मराठीत असतील, तर आणखी एक मेख आहे. ‘हिरा’ला प्रत्यय लागला की ‘हिऱ्याचा’ होतो, आणि अक्षरशः जुळवणाऱ्या शोधाला ते नातं कळत नाही. त्यात हा ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा ‘र’ खाली नुक्ता देऊन. पडद्यावर दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. रेल्स ज्या भाषेत लिहिलं आहे त्या रूबीत ‘युनिकोड_नॉर्मलाइझ’ नावाची पद्धत आहे, ती दोन्हींना एका रूपात आणते. नोंद साठवताना एकदा आणि शोधाचा शब्द येईल तेव्हा एकदा, अशी दोन्ही टोकांना ती चालवावी लागते.