भटक्या टोळ्यांची नावे: शेजाऱ्यांनी ठेवलेली, शेजाऱ्यांनी बिघडवलेली

युरेशियाच्या गवताळ मैदानांत घोड्यावर आयुष्य काढणाऱ्या प्राचीन टोळ्यांनी स्वतःबद्दल फारसे काही लिहून ठेवले नाही. त्यांची नावे आपल्यापर्यंत पोचली ती शेजाऱ्यांच्या लेखनातून, म्हणजे बहुतेकदा त्यांच्या हातून मार खाल्लेल्यांच्या लेखनातून. ज्याने नाव लिहिले त्याची जीभ, लिपी आणि राग त्या नावात उतरला आहे.

सिथियन: धनुर्धारी?

काळ्या समुद्राच्या उत्तरेला राहणाऱ्या टोळ्यांना ग्रीक लोक ‘स्कुथाय’ म्हणत. त्यावरून आजचे ‘सिथियन’. इ.स.पू. पाचव्या शतकात हिरोडोटसने मात्र नोंदवले, की हे लोक स्वतःला ‘स्कोलोती’ म्हणवतात. ही दोन निरनिराळी नावे वाटतात खरी, पण ओस्वाल्ड सेमेरेन्यी या भाषाशास्त्रज्ञाने 1980 मध्ये त्यांचा सांधा दाखवला. त्याच्या मते दोन्हींच्या मुळाशी ‘स्कुद’, म्हणजे धनुर्धारी, हा एकच शब्द आहे. इंग्रजीतला ‘शूट’ त्याच धातूच्या कुळातला. ग्रीकांनी नाव ऐकले तेव्हा त्यात द-सारखा उच्चार होता. पुढे सिथियनांच्या बोलीत द चा ल झाला आणि हिरोडोटसच्या कानावर नवे रूप पडले. शेवटचा ‘त’ अनेकवचनाचा. ‘षोडश’चे ‘सोळा’ करणाऱ्या मराठी माणसाला असले वळण परके वाटू नये. मला ही व्युत्पत्ती पटते, कारण ती एका फटक्यात दोन्ही रूपांचा हिशेब लावते. शिवाय घोडा दौडवत बाण मारणे हीच या लोकांची खरी ओळख होती.

अश्शूरमार्गे अश्कनाज

अश्शूरच्या लेखांत हेच लोक ‘इश्कुझा’ किंवा ‘अश्गुझा’ म्हणून येतात. शब्दाच्या सुरुवातीचे जोडाक्षर त्या जिभेला झेपत नव्हते, म्हणून आधी एक स्वर चिकटला. आपल्याकडे स्टेशनचे ‘इस्टेशन’ होते तसा. इ.स.पू. सातव्या शतकातल्या एका मातीच्या पाटीवर अश्शूरचा राजा एसरहद्दोन सूर्यदेव शमाशला कौल लावतो: इश्कुझाचा राजा बार्ततुआ माझ्या मुलीचा हात मागतो आहे, दिली तर तो मैत्रीला जागेल का? सोयरीक असो वा तह, पलीकडच्या माणसाचा भरवसा नव्हता हे उघड आहे.

बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकात नोहाच्या वंशावळीत ‘अश्कनाज’ असे नाव आहे. अनेक अभ्यासकांच्या मते ते मुळात ‘अश्कुझ’च. हिब्रूतली वाव आणि नून ही अक्षरे दिसायला जवळची, त्यामुळे नकलताना एकाच्या जागी दुसरे पडले असावे. मध्ययुगात ज्यू विद्वान जर्मनीच्या प्रदेशाला ‘अश्कनाज’ म्हणू लागले आणि तिथल्या ज्यूंना ‘अश्कनाझी’ हे नाव मिळाले. त्यांचा सिथियनांशी रक्ताचा संबंध यातून निघत नाही. नाव तेवढे प्रवास करत राहिले.

शक: इराणचा सरसकट शब्द

हिरोडोटसच म्हणतो, की इराणी लोक सगळ्याच सिथियनांना ‘शक’ म्हणतात. इराणचा सम्राट दारयवहू याच्या शिलालेखांत त्यांच्या पोटजाती आहेत: टोकदार टोपीवाले शक, हओम या पेयाशी जोडलेले शक, समुद्रापलीकडचे शक. इराणमधल्या बेहिस्तूनच्या कड्यावर बंदिवानांच्या रांगेत सर्वांत शेवटी स्कुंख हा शकांचा म्होरक्या उभा आहे. त्याची उंच, निमुळती टोपी इतकी ठसठशीत कोरली आहे, की नाव वाचायची गरजच पडू नये.

‘शक’ शब्दाच्या अर्थाबद्दल दोन मते आहेत. सेमेरेन्यी तो ‘भटकणे’ अशा अर्थाच्या इराणी धातूशी जोडतो, तर भाषाशास्त्रज्ञ हॅरोल्ड बेली संस्कृत ‘शक्’च्या, म्हणजे सामर्थ्याच्या, कुळात नेतो. पहिले मत खरे असेल तर हे नाव स्थायिक लोकांनीच ठेवलेले असणार. आपणहून कोण स्वतःला भटके म्हणवून घेईल?

चिनी चिन्हांतला राग

चिनी लिपीत परक्या नावाचा उच्चार लिहायलाही अर्थ असलेली चिन्हे वापरावी लागतात, आणि तिथेच टोमणा मारायची सोय होते. चीनच्या उत्तरेकडच्या ‘शिओंग्नू’ टोळ्यांच्या नावातल्या दुसऱ्या चिन्हाचा अर्थ ‘गुलाम’. पाचव्या शतकात उत्तर वेई घराण्याच्या ताइवू सम्राटाने तर रौरान या टोळीचे नाव ‘वळवळणारे किडे’ अशा अर्थाच्या चिन्हांनी लिहायला लावले. तेव्हा अशा नावांतून त्या टोळ्यांचे वर्णन शोधू नये.

शिओंग्नू म्हणजेच हूण का, हा जुना वाद. त्यात एक पत्र महत्त्वाचे ठरले. पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइनला 1907 मध्ये दुनहुआंगजवळ सापडलेल्या पत्रांपैकी एकात चीनमधला सोग्दियन व्यापारी समरकंदला कळवतो, की लोयांग शहर ‘ख्वन’ लोकांनी उद्ध्वस्त केले. शहर पाडणारे तर शिओंग्नू होते. म्हणजे निदान नाव तरी एकच.

नाशिकच्या लेण्यांत

आपल्याकडे शक आले ते क्षत्रप म्हणून. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात स्वतःला शक म्हणवतो. त्याच्या बापाचे नाव दिनीक, त्याचे स्वतःचे मात्र संस्कृत वळणाचे, ऋषभदत्त. आणि दान किती, तर तीन लाख गाई! जवळच्याच लेण्यात गौतमी बलश्रीने आपला मुलगा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याचे वर्णन शक-यवन-पल्हवांचा संहारक असे कोरून घेतले. एकाच डोंगरात नाव अभिमानानेही आले आणि शत्रूचे म्हणूनही.

इ.स. 78 मध्ये सुरू झालेली कालगणना शक राजांच्या वापरामुळे त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. बदामीच्या 578 सालच्या लेखात ती शकराजाच्या राज्याभिषेकापासून मोजली आहे. पुढे ‘शालिवाहन’ जोडले गेले आणि ‘शक’ म्हणजे नुसतीच कालगणना असा अर्थ रुळला. त्यामुळेच 1674 मध्ये शिवाजी महाराजांनी नवी कालगणना सुरू केली तेव्हा तिला ‘राज्याभिषेक शक’ म्हणताना कुणाला त्यात टोपीवाले घोडेस्वार दिसले नाहीत.