इंजिन बंद पडण्याआधीचे तास

१६ जुलै २०२१ रोजी शिरपूरच्या प्रशिक्षण संस्थेचं छोटं विमान चोपडा तालुक्यात वर्डी शिवाराजवळ सातपुड्यात कोसळलं. प्रशिक्षकाचा मृत्यू झाला, शिकाऊ वैमानिक मुलगी गंभीर जखमी झाली. गाडी पोहोचेल असा रस्ता नव्हता. आसपासचे आदिवासी धावून आले, एका बाईने आपली साडी दिली आणि तिची झोळी करून त्यांनी जखमी मुलीला खाली आणलं. या अपघाताचं खापर इंजिनावर फोडण्याचा माझा हेतू नाही. मात्र खानदेशात शिकाऊ विमानं कसल्या भूमीवरून उडतात, हे त्या दिवशी दिसलं. शिरपूर आणि धुळ्याचं गोंदूर इथे हे शिक्षण आधीपासून चालतं, आणि २०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने अशा संस्थांसाठी निवडलेल्या पाच विमानतळांत जळगाव होतं. एका इंजिनाचं विमान हजार फुटांवर असताना इंजिन बंद पडलं, तर ते जेमतेम अडीच किलोमीटर तरंगत जातं. तेवढ्यात सपाट शेत सापडलं तर ठीक, नाहीतर खाली डोंगर.

म्हणून इंजिनाची देखभाल हा इथे जिवाचा प्रश्न आहे, आणि इंजिन क्वचितच न सांगता दगा देतं. या इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आणि ठिणगी देणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो असतात. धावपट्टीवर जाण्याआधी वैमानिक एकेक मॅग्नेटो बंद करून इंजिनाचे फेरे (आरपीएम) किती घसरतात ते पाहतो. जास्त घसरले किंवा इंजिन खडखडलं, तर परत फिरायचं. साधारण दर पन्नास तासांनी तेल बदलतात. तेव्हा जुना फिल्टर कापून त्याची घडी उलगडली की आत अडकलेले धातूचे बारीक कण चमकतात, आणि ते वाढत असतील तर आत काहीतरी झिजतंय हे उड्डाणाआधीच कळतं. उन्हाळ्यातली इथली धूळ एअर फिल्टर चोंदवते. पावसाळ्यात इंधनात पाणी साचतं आणि दमट हवेत तापमान वीस अंशांच्या वर असतानाही कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू शकतो. यातलं काहीच गूढ नाही. फक्त कुणीतरी पाहिलं पाहिजे आणि लिहून ठेवलं पाहिजे.

पाहिलं जात नाही तेव्हा काय होतं, याचा इशारा बारामतीने दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये रेडबर्ड या संस्थेची दोन विमानं चार दिवसांत तिथे कोसळली. सहा महिन्यांतल्या पाच अपघातांनंतर डीजीसीए या हवाई वाहतूक नियामकाने देखभालीचा प्रश्न उपस्थित करत संस्थेचं प्रशिक्षणच थांबवलं. पाचव्यांदा! पहिल्या किंवा दुसऱ्या वेळीच नोंदवह्या उघडून का पाहिल्या गेल्या नाहीत, हा प्रश्न विचारायलाच हवा.

बहुतेक अपघात माणसाच्या चुकीने होतात, मग इंजिनाचं एवढं काय, असं कुणी म्हणेल. आकड्यांत ते खरं आहे. पण तीस-चाळीस तास उडालेल्या मुलाला भलत्या उंचीवर, भलत्या जागी काही सेकंदांत निर्णय घ्यायला इंजिनच भाग पाडतं, आणि अहवालात चूक त्याच्या नावावर चढते. शिवाय न कसलेला नट हीसुद्धा माणसाचीच चूक आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: चांगलं चाललेलं यंत्र सारखं उघडलं तर उघडण्यातूनच बिघाड येतो. हे मेकॅनिक जाणतात आणि ते बरोबर आहे. त्यावर उपाय मात्र कमी पाहणं हा नव्हे. न उघडता पाहायच्या गोष्टी, म्हणजे तेल, फिल्टर, फेऱ्यांची घसरण, यांवर बारीक नजर ठेवावी आणि जे उघडलं ते दुसऱ्या माणसाने तपासावं.

राहिला खर्च. वेळेवर देखभाल केली की फी वाढते आणि विमान जमिनीवर राहिल्याने मुलांचे तास रखडतात. याच दडपणाखाली वैमानिक आणि मेकॅनिक दोघेही ‘स्नॅग’, म्हणजे दिसलेला बिघाड, वहीत लिहायला कचरतात. म्हणून डीजीसीएने एक गोष्ट सक्तीची करावी: उड्डाणाआधी विमानाच्या मागच्या पन्नास तासांच्या नोंदी विद्यार्थ्याच्या हातात द्याव्यात, आणि त्या वाचून त्याने ते विमान नाकारलं तर संस्थेने त्याचा तास कापू नये.