फिल्टर आज लावला, जुन्या कमिटचं काय?

गिटॲट्रिब्यूट्स फाइलमध्ये फिल्टरची ओळ लिहिली की जुना इतिहासही सुधारतो, हा समज फार पसरलेला आहे. तसं होत नाही. क्लीन फिल्टर चालतो फाइल 'ॲड' करताना, स्मज चालतो चेकआउटच्या वेळी. 'रिनॉर्मलाइझ' हा पर्यायसुद्धा फक्त पुढच्या कमिटपुरता. म्हणूनच १०० एमबीहून मोठी फाइल आज एलएफएसकडे सोपवली, तरी आधीच्या कमिटमध्ये ती अख्खी पडून असेल तर गिटहब पुश नाकारतं. तिथे 'एलएफएस मायग्रेट इम्पोर्ट' चालवून इतिहासच नव्याने लिहावा लागतो.

मग वाटतं, तेवढी एक कमिट बदलेल, बाकीच्या जागच्या जागी राहतील. पण कमिटचा हॅश तिच्यातल्या फाइली, लेखक, वेळ, संदेश आणि आधीच्या कमिटचा हॅश या सगळ्यांवरून निघतो. तिसऱ्या कमिटमधलं एक अक्षर बदललं तरी तिच्यापुढच्या साऱ्या हॅशांची साखळी बदलते. जुन्या जीपीजी सह्या टिकत नाहीत आणि बग-ट्रॅकरमध्ये नोंदवलेले हॅश नव्या इतिहासात सापडत नाहीत. इतिहास नव्याने लिहिणारं फिल्टर-रेपो हे साधन जुन्या-नव्या हॅशांची जोडयादी 'कमिट-मॅप' फाइलमध्ये लिहून ठेवतं. ती जपाच.

त्याच कामाची फिल्टर-ब्रँच ही आज्ञा गिटसोबतच येते म्हणून ती सुरक्षित, हेही खरं नाही. गिटची अधिकृत कागदपत्रंच तिच्याऐवजी फिल्टर-रेपो सुचवतात. फिल्टर-रेपोचा ब्लॉब-कॉलबॅक प्रत्येक वेगळा मजकूर एकदाच तपासतो, त्यामुळे वेग प्रचंड. पण त्याला फाइलचं नाव ठाऊक नसतं. ओळींचे शेवट बदलणारा कोड सरसकट लावलात तर चित्रंही बिघडतील. पीएनजीच्या पहिल्या आठ बाइटमध्ये विंडोज पद्धतीचा ओळ-शेवट मुद्दाम ठेवलेला आहे, तो अशी मोडतोड लगेच पकडता यावी म्हणूनच.

सगळ्यांत घातक समज पासवर्डचा: इतिहासातून काढून फोर्स-पुश केलं की तो गेला. तो सहकाऱ्यांच्या क्लोनमध्ये, फोर्कमध्ये, जुन्या पुल रिक्वेस्टमध्ये राहतो. फिल्टर-रेपो वापरलं नसेल, तर तुमच्या स्वतःच्या रेफलॉगच्या नोंदीही आपोआप लगेच पुसल्या जात नाहीत. एखाद्याने जुन्या क्लोनवरून मर्ज करून पुश केलं, तर पासवर्ड मुख्य शाखेत परत येतो. तेव्हा आधी पासवर्ड बदला, मग इतिहासाला हात लावा, आणि टीममधल्या प्रत्येकाला जुना क्लोन काढून नवा घ्यायला सांगा.