टॉवरच्या दारातली रांग

मंडळी, अनंत चतुर्दशीला लालबागात कधी उभे राहिलात? 1934 पासून बसणारा राजा गिरगाव चौपाटीकडे निघतो, आणि रस्त्यावर मुंगीला वाट नाही! एका वर्षी त्या गर्दीत आमच्या सौ.चा हात सुटला. साखरेचा त्रास, गोळी माझ्या खिशात. फोन लावतो, लागत नाही. पुन्हा लावतो, नाही. बरं, दांड्या पूर्ण! मग लागत का नाही?

पुढे एका जाणत्याने उलगडा केला. म्हणाला, बुवा, दांड्या म्हणजे टॉवरचा आवाज तुम्हाला ऐकू येतो, एवढंच. तुमचं त्याला ऐकू जायचं तर आधी दार ठोठवावं लागतं. 4जी मध्ये एका सेलला ठोठावण्याच्या खुणा फक्त 64. एकाच क्षणी दोन फोनांनी एकच खूण उचलली की टक्कर. दोघांना एकदम आत घेता येत नाही.

मग करायचं काय? दोघे लगेच पुन्हा धावले तर पुन्हा टक्कर. म्हणून टॉवर थांबण्याची मर्यादा सांगतो, आणि प्रत्येक फोन त्या मर्यादेत आपापला वेळ चिठ्ठी उचलावी तसा निवडतो. सेकंदाचा एक तुकडा, पण प्रत्येकाचा वेगळा! पुढेमागे झाले म्हणजे वाट मिळते. गर्दी त्याहून वाढली तर? राजाच्या दारी नवसाची रांग निराळी, मुखदर्शनाची निराळी, तशी सिमकार्डांनाही 0 ते 9 अशी वर्गवारी असते. काही वर्गांना थोडा वेळ बाहेर थांबवता येतं. पोलीस, आणीबाणीची सेवा यांच्यासाठी वेगळे वर्ग राखलेले असतात.

आता मला सांगा, मी दर क्षणाला बटण दाबत होतो, तेव्हा काय करत होतो? दारातली गर्दी वाढवत होतो! शेवटी दमलो, हात थांबला. तीन शब्द लिहिले, ‘भारतमाता सिनेमापाशी थांब’. संदेशाला जागा थोडी लागते. काही वेळाने गेला. पोहोचलो तर ही पायरीवर बसलेली, कुणा माउलीने पाणी दिलेलं. गोळी दिली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

म्हणून सांगतो, मिरवणुकीला निघताना भेटायची जागा घरीच ठरवा. फोन लागला नाही तर जरा थांबा. तुम्ही मागे सरलात, त्या फटीतून कदाचित कुणाची रुग्णवाहिका बोलावली जाईल. निर्जीव यंत्राला जे कळलं, ते आपल्याला कळू नये?

बोला, मंगलमूर्ती मोरया!