जुनी ॲक्शन, नवी रायफल

जालन्याच्या पोलाद कारखान्यांत भंगार वितळून सळई होते. रायफलची जुनी ॲक्शन मात्र भंगारभावाने घ्यायची वस्तू नव्हे. शस्त्र अधिनियम, 1959 नुसार बंदुकीचा सुटा भागही बंदूकच. परवाना आधी, सौदा नंतर.

ॲक्शन म्हणजे रिसीव्हर, बोल्ट आणि चाप-यंत्रणा. गोळी सुटताना मागे येणारा दाब बहुतेक मोठ्या रायफलींत बोल्टचे लग, म्हणजे रिसीव्हरच्या खाचेत अडकणारे दात, पेलतात. ते झिजले, की बोल्टचा पुढचा पृष्ठभाग आणि काडतुसाचे बूड यांत फट वाढते, काडतुसाचे पितळी कवच फाटते आणि तप्त वायू थेट नेमबाजाच्या तोंडाकडे येतो! म्हणून पॉलिशला भुलू नये. गेज लावून ही फट मोजून घ्यावी. रायफलची नळी बदलता येते, खचलेला रिसीव्हर नाही. याउलट, नेमबाज स्वप्नील कुसळेने 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकले त्या 50 मीटर प्रकारातल्या .22 रायफलीत दाब बराच कमी असतो.