ज्यांना पक्षकारच केले नाही

एका खोलीत सात-आठ माणसे राहतात. पोराचा घसा दुखतो, ताप येतो, काढा पाजला जातो, दोन दिवसांत पोर खेळायला लागते. पण घशातल्या त्या जंतूंवर वेळेत पेनिसिलिन मिळाले नाही तर काही मुलांना पुढे सांध्यांचा ताप येतो आणि तो हृदयाची झडप धरतो. झडप वर्षानुवर्षे आकसत जाते, मागचा कप्पा फुगतो, ठोका बेताल होतो. डॉक्टर त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. कप्प्यात रक्त साकळते, गाठ मेंदूत गेली की ऐन चाळिशीत बाई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळते. लोक म्हणतात, बाहेरची बाधा झाली. बाहेरचे काही नाही. ही बाधा दाटीच्या घराची आणि दारिद्र्याची आहे!

रक्त साकळू नये म्हणून वॉरफेरिन ही जुनी, स्वस्त गोळी आहे. तिची अडचण एकच, वरचेवर आयएनआर ही रक्ततपासणी करावी लागते. ही कटकट नको म्हणून नव्या महागड्या गोळ्या आल्या. २००९ ते २०११ या काळात त्यांच्या तीन मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या, मिळून ५० हजारांहून अधिक रुग्ण. पण झडप फार आकसलेल्या रुग्णांना तिन्हींतून वगळले होते. त्यांना धोका अधिक, हे वैद्यकीय कारण खोटे नाही. परंतु ज्याला धोका अधिक त्याच्यासाठी वेगळी चाचणी लगेच का झाली नाही? आम्हा वकिलांच्या भाषेत, ज्याचे सर्वस्व पणाला त्यालाच पक्षकार केले नाही.

ती चाचणी अखेर झाली. ‘इन्व्हिक्टस’ तिचे नाव. आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतील २४ देश, त्यांत भारतही. ४,५३१ रुग्ण, सरासरी वय अवघे ५०, शंभरात ७२ स्त्रिया. २०२२ साली निष्कर्ष आला. रिव्हारॉक्सॅबन या नव्या गोळीच्या गटात पक्षाघात, मृत्यू यांसारख्या घटना ५६० जणांत, तर जुन्या गोळीच्या गटात ४४६ जणांत घडल्या. दोन्ही गट जवळपास सारख्याच संख्येचे. मृत्यूही जुन्या गोळीवर कमी. नवे ते श्रीमंतांचे म्हणून चांगले, हा समज इथे साफ खोटा ठरला. (हे वाचून कोणी गोळी परस्पर बदलू नये, डॉक्टरांना विचारावे.)

आता प्रश्न सरकारचा आहे. जुनी गोळी वाचवते ती रक्ततपासणीच्या आधारावर. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईने दर महिन्याला मजुरी बुडवून जिल्ह्याला हेलपाटा घालायचा काय? संविधानाच्या कलम ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरविले आहे. तातडीचे उपचार नाकारणे म्हणजे कलम २१ चा भंग, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात सांगितले. महिन्याची तपासणी तातडीची नसेल, पण ती चुकली की येणारा झटका तातडीचाच असतो.

तालुक्यातील कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात ग्रामीण रुग्णालयाला तीनच प्रश्न विचारावेत: आयएनआर तपासणी येथे होते काय? वॉरफेरिन गेल्या वर्षभरात किती दिवस शिल्लक नव्हते? सांध्यांच्या तापाच्या मुलांना द्यावयाचे पेनिसिलिनचे इंजेक्शन साठ्यात आहे काय? अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाहीत.