यूएपीआय हेडर (लिनक्स)

यूएपीआय हेडर म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने (कर्नल) बाहेरील प्रोग्रॅमांसाठी खुल्या ठेवलेल्या व्याख्यांच्या फाइली होत. बाहेरची व्याख्या बदलल्यास जुने प्रोग्रॅम चालेनासे होऊ शकतात. कर्नलची अंतर्गत व्याख्या मात्र मोकळेपणाने बदलता येते. पूर्वी दोन्ही प्रकारच्या व्याख्या बहुधा एकाच फाइलीत असत व सशर्त संकलनाने वेगळ्या केल्या जात. डेव्हिड हॉवेल्स यांनी केलेले त्यांचे विभाजन डिसेंबर २०१२ मधील ३.७ या आवृत्तीत आले.

साठवण उपकरणांच्या ड्रायव्हरांत हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो. एसएसडीसाठीच्या एनव्हीएमई मानकाच्या खुल्या हेडरमध्ये हार्डवेअरच्या आज्ञांच्या रचनाही होत्या. मानकाच्या पुढील आवृत्त्यांत त्या बदलणार असल्याने २०१५ मध्ये त्या अंतर्गत हेडरमध्ये हलवण्यात आल्या. प्रोग्रॅम ज्यांद्वारे ड्रायव्हरला विनंती करतो, त्या ‘आयऑक्टल’च्या व्याख्या तेवढ्या खुल्या राहिल्या.